वाक्य संपलं की काप

स्टुडिओत तिला सगळे कात्री म्हणत. तोंडावर कात्रीताई, पाठीमागे नुसतं कात्री. ती चिडत नसे. चिडायलासुद्धा अंगात थोडी धुगधुगी लागते, आणि तिची सकाळच्या बसमध्ये उभं राहण्यातच संपून जायची.

काम मात्र नावाला साजेसं होतं. लोकांची लग्नं, वाढदिवस, निवृत्तीचे समारंभ, असलं सगळं शूटिंग गठ्ठ्यांनी तिच्याकडे यायचं, आणि ती ते कापून, जोडून, वर गाणं लावून बघण्याजोगं करून द्यायची. खरं सांगायचं तर आनंद हा फार लांबट प्रकार आहे, कापल्याशिवाय घशाखाली उतरत नाही. नवऱ्या मुलाचा काका भाषण करता करता जांभई देतो. नवरी हसते आणि हसून झालं की चेहरा सैल सोडते. कुणीतरी हरवलेली चप्पल शोधत बरोबर मधून जातं. ते सगळं जायला हवं. तिला हे काम ज्यांनी शिकवलं ते जुने मालक एकच मंत्र देऊन गेले होते: वाक्य संपलं की काप. माणूस बोलतो तोवर बघण्यासारखा असतो. बोलून झालं की त्याचं तोंड उघडं पडतं, आणि ते बघायला कुणी पैसे देत नाही.

स्टुडिओ म्हणजे तरी काय, तर एका लाँड्रीच्या डोक्यावरची लांबट खोली. खालून दिवसभर वाफ आणि ओल्या लोकरीचा वास. दोन कॉम्प्युटर, त्यातला एक शोभेचा. पन्नाशी उलटलेली कात्री त्या दुसऱ्यासमोर बसून बसून मानेने पुढे झुकली होती. हल्ली कामही आटलं होतं. ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा, आणि कापायचं कशाला, आहे तसंच पाठवून द्यायचं. नवे मालक म्हणजे जुन्यांचे जावई महिन्यातून एकदा येऊन खोलीकडे असं बघायचे, की इथे गोदाम किती छान होईल.

घरी बाबा. बाबा एका मोठ्या कचेरीत लिफ्टमन होते. उभी हयात त्यांनी एका स्टुलावर, दाराकडे पाठ करून काढली. माणसं मागून चढायची, मागूनच ‘चौथा’, ‘सातवा’ म्हणायची आणि बाबा मान न वळवता बटण दाबायचे. त्याचं सगळं उट्टं ते घरी काढायचे. आई म्हणाली जेवा, की यांना भूक नाही. आई म्हणाली छत्री न्या, की हे भिजत जाणार. दोघं इतकी भांडायची, की आई गेली तेव्हा घरातलं बोलणंच गेलं. मग हळूहळू बाबांची स्मृती विरत चालली. आधी किल्ल्या गेल्या, मग नातेवाइकांची नावं गेली, मग सकाळ आहे की दुपार तेही जायला लागलं. एकदा दुधाचं पातेलं गॅसवर ठेवून हे निवांत जिन्यात जाऊन बसले. समोरच्या काकूंना जळका वास आला म्हणून निभावलं.

त्यावर दादाचा फोन आला. दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ, दुसऱ्या शहरात राहणारा. तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण तो बिचारा महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवायचा, औषधांची चौकशी करायचा आणि शेवटी बरोब्बर तेच म्हणायचा जे तिला ऐकायचं नसायचं.

"अगं, चांगला वृद्धाश्रम आहे. माझ्या घराजवळ. चोवीस तास माणसं असतात."

"मी आहे ना."

"तू कुठे आहेस? तू दिवसभर स्टुडिओत."

तेही खरंच. इकडे आड, तिकडे विहीर. नोकरी सोडावी तर खायचं काय, आणि कामावर जावं तर बाबा एकटे. सांभाळायला बायका ठेवून बघितल्या. पहिलीवर बाबांनी कंगवा चोरल्याचा आळ घेतला. दुसरीला घरात घेतलंच नाही, दारातूनच ‘लिफ्ट बंद आहे’ म्हणून परत पाठवली. हसावं की रडावं ते कात्रीला कळेना. पण बाबांना आश्रमात टाकायचं म्हटलं की ती विषयच बदलायची. आईला मरताना शब्द दिला होता वगैरे काही नाही हो. तिला फक्त त्या घरात एकटं राहायचं नव्हतं. हे ती कुणाला सांगत नसे, दादाला तर नाहीच.

शेवटी तोडगा दादानेच काढला. मुठीएवढा एक पांढरा कॅमेरा पाठवून दिला. तो घरात ठेवायचा, की मोबाइलवर घर दिसतं. शिवाय मोबाइलमध्ये बोललं की ते तिकडे कॅमेऱ्यातून ऐकू येतं. बाबा अंघोळीला गेलेले बघून तिने तो बैठकीच्या खोलीत, खुर्चीसमोरच्या उंच फळीवर ठेवून दिला. बाबांना तो दाखवायच्या भानगडीत ती पडली नाही. दाखवून उपयोग काय, संध्याकाळपर्यंत विसरणार.

आणि काय सांगावं, चमत्कारच झाला. पहिल्याच दिवशी ती स्टुडिओतून म्हणाली, "बाबा, पाणी प्या." बाबा उठले आणि पाणी प्यायले. "बाबा, गोळी घ्या." घेतली. "बाबा, गॅसकडे जाऊ नका." गेले नाहीत. जन्मभर बायकोचं एक अक्षर न ऐकलेला माणूस मोबाइलचं ऐकायला लागला. तिने कौतुकाने दादाला कळवलं. दादा म्हणाला, "ठीक आहे. जोवर ऐकतायत तोवर राहू देत घरी. ऐकेनासे झाले की मी येऊन घेऊन जाईन. आश्रमात एक खोली रिकामी होतेय, मी शब्द टाकून ठेवलाय."

तेव्हापासून बाबांचं घरी राहणं या एका गोष्टीवर टांगलेलं होतं, की ते ऐकतात. रोज संध्याकाळी ती दादाला कळवायची: आजही ऐकलं. आणि दिवसभर काम करता करता मोबाइल उचलायचा, बाबा खुर्चीत आहेत ना बघायचं, काय ते सांगायचं, त्यांनी केलं की बंद करायचं. खुर्ची रिकामी दिसली तर न्हाणीघरात गेले असतील म्हणून थोड्या वेळाने पुन्हा बघायचं आणि म्हणायचं, "बाबा, खुर्चीत बसा." की बाबा हजर.

संध्याकाळी घरी आली की मात्र बाबा गप्प असायचे. कधी तिची बाही धरून दाराकडे ओढायचे, जिन्यात चल म्हणून खुणावायचे. ती म्हणायची, "आता नको हो बाबा, मेलेय नुसती." चपला काढून पलंगावर पाय टेकवायचे यापलीकडे तिला जगात दुसरं सुख राहिलं नव्हतं. बाबाही मग बाही सोडून द्यायचे.

अशातच तो दाढीवाला आला. नाव काहीतरी होतं, पण स्टुडिओत त्याला दाढीच म्हणायला लागले. तिशीतला पोरगा, भुताचा सिनेमा केला होता त्याने. गोष्ट साधी. तीन भावंडं मावशीचं बंद पडलेलं घर आवरायला जातात. धाकटा सामानाची नोंद राहावी म्हणून सगळं कॅमेऱ्यात घेत असतो. भावंडं परत येत नाहीत, कॅमेरा तेवढा सापडतो. त्या कॅमेऱ्यात जे होतं ते म्हणजे हा सिनेमा. चित्रण नटांनीच हातात कॅमेरा धरून केलेलं, आणि कापायला आणलं कात्रीकडे, कारण बाकीचे जास्त मागत होते.

पहिला भाग तिने तिच्या पद्धतीने छान तासून दिला. हललेलं काढलं, अंधारलेलं उजळवलं, वाक्य संपलं की कापलं. दाढीने तो बघितला, मग पुन्हा बघितला आणि बराच वेळ दाढीच खाजवत बसला.

"ताई, राग मानू नका. हे घर बघून मला वाटतंय की इथे उद्या कुणाचं तरी लग्न आहे."

"मग नीट शूटिंग करायचं होतंस. बहीण ‘कोण आहे’ म्हणते आणि नंतर नुसती उभी. काय बघायचं त्यात? कापलं मी."

"तुम्ही जिथे कापलंत तिथेच तर सुरू होतं ते," तो म्हणाला. त्यालाही चार दिवस झोप नसावी. भिंतीला टेकून तो जमिनीवरच बसला. "हे बघा, एरवीच्या सिनेमात माणसाला ठाऊक असतं की हे कुणीतरी रचलंय. मागे संगीत आहे, दिवे लावणारा आहे, सगळं ठीक आहे. इथे ते वाटता कामा नये. कुणाचा हात यावर फिरलाच नाही असं वाटलं पाहिजे. तुमचा हात फिरला की बघणारा सुटला. तो म्हणतो, चला, कुणीतरी आहे सांभाळायला."

"आणि लोक झोपले तर?"

"येऊ दे ना कंटाळा. भावंडं भांडी पुसतायत, चहा करतायत, चालू दे. कंटाळलेला माणूस सावध नसतो. मग रिकामी खोली दाखवायची आणि नुसतं थांबायचं. तुम्ही काही दाखवू नका. तो आपण होऊन कोपरे शोधायला लागतो. दाराची फट बघतो, पलंगाखाली बघतो."

"मन चिंती ते वैरी न चिंती," कात्री म्हणाली.

"अगदी. भूत दाखवलं की संपलं, मग ते नुसतं मेकअप केलेलं माणूस." तो पुढे म्हणाला, "आणि एक. बघणारा सारखा विचारतो, अरे, इतकं होतंय तर हा कॅमेरा टाकून पळत का नाही? त्याचं उत्तर नसेल तर सगळा तमाशा होतो. आमचा धाकटा पळत नाही, कारण समोर त्याची बहीण आहे. आपलं माणूस दिसतंय तोवर डोळा काढता येत नाही. एवढंच आहे बघा सगळं."

ती काही पटून वगैरे गेली नाही. पैसे देणाऱ्याचं ऐकायचं म्हणून तिने तो प्रसंग पुन्हा लावला आणि कापलेलं परत जोडलं. बहीण म्हणते, "कोण आहे?" उत्तर नाही. एरवी तिथे कापायच्या बटणावर अंगठा पडला असता. तिने तो मांडीखाली घातला. बहीण उभी. मागे अर्धवट उघडं दार. काहीही होत नाही. बहिणीचा चेहरा हळूहळू सैल पडतो, पण डोळे दाराकडेच. कात्रीला वाटलं, अगं वळ, वळ तिकडे. आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्या मानेवर काटा आलाय. खाली लाँड्रीत इस्त्रीने वाफ सोडली तशी ती चक्क दचकली. आयुष्यभर आपण कचरा म्हणून काय काय फेकलं, असं क्षणभर मनात आलं. मग तिने चहा मागवला.

असे बरेच दिवस गेले. काम पुढे सरकत होतं. एकदा दाढी म्हणाला, घरातल्या रिकाम्या खोलीचा आवाज खोटा वाटतोय. खरी खोली कशी असते, पंखा कसा घुमतो, बाहेरून काय येतं, ते ऐकायला हवं.

"रिकामी खोली मी रोज फुकट बघते," ती म्हणाली आणि मोबाइल त्याच्यापुढे धरला. खुर्चीत बाबा होते. हा कॅमेरा दिवसभराचं साठवूनही ठेवतो, दादाने तशी सोय केली होती. तिने कधी उघडून बघितलं नव्हतं. दिवसभर लोकांची चित्रं बघून डोळ्यांची माती झाल्यावर स्वतःच्या घरचं कोण बघणार?

दुपारी जेवणं झाल्यावर तिने ते मोठ्या पडद्यावर लावलं. दाढी शेजारी वही घेऊन बसला. खोली दिसत होती, जराशी वाकडी. पंखा. खालून कुणाची तरी गाडी. बाबा खुर्चीत, हातात वर्तमानपत्र, बहुतेक उलटं. मग तिचाच आवाज आला. त्या लहानशा डबीतून तो चिरका आणि पोकळ येत होता, कुठून येतोय ते कळू नये असा.

बाबा, पाणी प्या.

बाबा उठले, पाणी प्यायले. झालं. सवयीने तिचा अंगठा बटणावर गेला.

"राहू द्या ना," दाढी म्हणाला. "आवाज ऐकतोय मी. चालू दे."

चालू राहिलं. बाबांनी पेला रिकामा केला. घाईघाईत प्यायल्यामुळे सदऱ्यावर पाणी सांडलं होतं. मग त्यांनी पेला उलटा करून समोर धरला, की बघा, संपवलंय. कॅमेऱ्याकडे मात्र बघितलं नाही. नजर खाली जमिनीवर. ते तसेच उभे. परवानगीची वाट बघत असल्यासारखे उभे. तिकडे कात्रीने मोबाइल केव्हाच बंद करून ठेवलेला. परवानगी देणार कोण? सदऱ्यावरचं पाणी खाली ठिबकत राहिलं, तरी पेला उलटाच. बऱ्याच वेळाने त्यांनी तो हलकेच खाली ठेवला, पाठ भिंतीला लावली आणि भिंतीला घासत घासत ते सरकायला लागले, चित्राच्या कडेपर्यंत आणि मग बाहेर. आता खुर्ची, पेला आणि पंखा. मग अगदी खालच्या कडेला पायाची बोटं दिसली. बाबा फळीच्या बरोबर खाली, जिथे कॅमेऱ्याला दिसत नाही त्या कोपऱ्यात जमिनीवर बसले होते.

पडद्यावर तिचा आवाज पुन्हा आला: बाबा, खुर्चीत बसा. पाय झटकन आत गेले. बाबा आले आणि खुर्चीत ताठ बसले.

तिने दुसरा दिवस लावला. तेच. तिसरा लावला. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यातून पुटपुटणं ऐकू येत होतं. तिने आवाज वाढवला. बाबा कुणाला तरी समजावत होते, साहेबाशी बोलावं तसं अदबीने.

"घरात दुसरं कुणी नाही. मी एकटाच असतो. नाही, मुलगी नाही. मुलगी इथे राहत नाही."

दाढीच्या चेहऱ्यावर क्षणभर एक चमक आली. ती तिने बघितली. ज्या गोष्टीसाठी हा पोरगा वर्षभर धडपडला ती त्याला फुकटात समोर मिळाली होती. मग त्याची त्यालाच लाज वाटली असावी. वही मिटून तो म्हणाला, "ताई, मी हे बघितलं नाही असं समजा." आणि खाली निघून गेला.

ती बसून राहिली. भीतीचं राहू द्या, तिला लागलं ते शेवटचं वाक्य. मुलगी इथे राहत नाही. संपलं म्हणजे. ज्यांच्यासाठी बसचे धक्के खायचे, कमरेचा काटा ढिला करून घ्यायचा, त्यांच्या हिशेबी आपण घरात नाहीच. नातेवाइकांची नावं विसरले तेव्हा तिने मनाला समजावलं होतं. हे तिला समजावता येईना.

मालकांना न विचारता ती निघाली. भर दुपारी बसला गर्दी नव्हती, बसायला जागा होती, आणि आज नेमकं बसवत नव्हतं. घराचं कुलूप उघडून आत गेली तर बाबा खुर्चीत. तिला बघताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी ओठावर बोट ठेवलं, उठले, तिची बाही धरली आणि दाराकडे ओढायला लागले. या वेळी ती गेली.

जिन्यात आल्यावर त्यांनी दार ओढून घेतलं. दोघं पायरीवर बसली.

"इतक्या लवकर का आलीस?" ते कुजबुजले. "अजून ते जागं आहे."

"कोण, बाबा?"

"हळू बोल. फळीवर राहतं. दिसत नाही." ते तिच्या अगदी कानाशी आले. "तुझा आवाज काढतं. पहिल्यांदा मला वाटलं तूच आलीस. सगळ्या खोल्या बघितल्या, कपाटात बघितलं. तू नव्हतीस. तेव्हा मला कळलं."

"मग तुम्ही त्याचं ऐकता कशाला?"

बाबांनी तिच्याकडे असं बघितलं, की एवढी मोठी झालीस आणि एवढंही कळत नाही? "अगं, त्याने तुझा आवाज घेतलाय म्हणजे ते तुझ्या मागावर आहे. मी सांगितलंय त्याला, मुलगी इथे राहत नाही म्हणून. तुझं नाव नाही घेतलं मी. कितीदा आलं ओठावर, पण नाही घेतलं. तू कामावर जातेस ते बरं आहे. ते काय, पाणी पी म्हणतं, बस म्हणतं. फार मागत नाही. मी करतो सगळं. माझ्यावर भागतंय तोवर ते तुझ्या वाटेला जाणार नाही."

ती रडली. हुंदके देऊन वगैरे नाही, नुसतं पाणी वाहत राहिलं आणि ती पुसायलाही विसरली. रोज संध्याकाळी तिने दादाला कळवलं होतं, आजही ऐकलं.

"बाबा, तो आवाज माझाच होता. खरंच. मी मोबाइलवरून बोलते. कॅमेरा आहे तो."

बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुला नाही कळायचं. तुला कळलं नाही तेच बरं."

ती उठून आत गेली, ती वस्तू काढून फेकूनच द्यायची म्हणून. तिने हात वर केला तेवढ्यात बाबा मागून आले आणि तिच्या व फळीच्या मध्ये उभे राहिले. दोन्ही हात पसरलेले, पाठ फळीकडे. एरवी कडेकडेने सरकणारा माणूस. "तिच्याकडे काही नाही," ते मान न वळवता मागे म्हणाले, "मी आहे ना इथे." कात्रीने हात खाली घेतला. बाबांना पुन्हा जिन्यात बसवलं, समोरच्या काकूंना त्यांच्याजवळ बसायला सांगितलं आणि मग एकटीने आत जाऊन कॅमेरा काढला. पण नंतर तिने बाबांना खोलीत नेऊन म्हटलं, "बाबा, पाणी प्या," तर ते घटाघटा प्यायले आणि पेला उलटा करून धरला. तिच्यासमोर, तिच्याकडे न बघता.

तिने दादाला फोन लावला.

"ऐकलं का आज?" दादाने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "तुझी ती खोली अजून रिकामी आहे? तिथे बोलणारी माणसं समोर येऊन बोलतात ना? मग ये तू."

दादा आठवड्याच्या शेवटी आला. आणि बाबा अडून बसले. मी घर सोडणार नाही. दादाने समजावलं, वहिनीने फोनवरून समजावलं, काकूंनी समजावलं. बाबा खुर्चीचे हात धरून बसलेले. दादा कंटाळून खाली गाडीशी गेला तेव्हा बाबांनी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, "मी गेल्यावर त्याचं ऐकायला इथे कोण?"

ती त्यांच्यासमोर जमिनीवर बसली, त्यांना आपला चेहरा दिसेल अशी. "कुणीच नाही, बाबा. मीसुद्धा हे घर सोडतेय. दुसरीकडे खोली घेतली. आजच."

"नक्की?"

"नक्की."

बाबांनी खुर्ची सोडली. पिशवी स्वतः उचलली. दारातून बाहेर पडताना म्हणाले, "कुलूप नीट लाव. आणि पुन्हा येऊ नकोस इथे, काही राहिलं तरी." मग गाडीत बसून त्यांनी लगेच डोळे मिटले. किती दिवसांत झोपले नव्हते कुणास ठाऊक.

त्यांना पोचवून ती परत त्याच घरी आली. दुसरं जाणार कुठे?

सिनेमा तिने पुरा केला. चांगला झाला म्हणतात. खुर्च्यांचे हात धरून लोकांनी बघितला. दाढी पेढे घेऊन नव्हे, पण एकदा चहा घेऊन आला आणि जरा वेळ बसून गेला. कात्री अजूनही लग्नं कापते, पण हल्ली अंगठा जरा उशिरा पडतो. नवे मालक म्हणतात, ताई, म्हाताऱ्या झालात.

जमेल त्या रविवारी ती बाबांना भेटायला जाते. लांबचा प्रवास, जाऊन येऊन अंगाचं पार भुसकट होतं. बाबांचं वजन वाढलंय. तिथल्या बाईंशी ते जेवणावरून भांडतात, भूक नाही म्हणतात. तिचं नाव आता त्यांना येत नाही, पण ती दारात दिसली की ते इकडेतिकडे बघून तिला जवळ बोलावतात आणि दर वेळी एकच विचारतात.

"घर बदललंस ना?"

"बदललं, बाबा."

"नव्या घरात काही आवाज वगैरे?"

"नाही," ती म्हणते. "अगदी शांत आहे."

एवढं मात्र तिला खोटं सांगावं लागत नाही.